लेव्हल बरोबर आहे

नाक दाबून ऐकलंत तरी मला राग येणार नाही. मी बोलतेय ती भिंतीवरच्या एका खिळ्यावरून. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी, डोक्यावर आट्यांचं झाकण, टोकाशी दोन रेघा, बस. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला मला बाहेर काढतात, पुसतात, बुडवतात आणि परत काढून बघतात. मेकॅनिक लोक मला डिपस्टिक म्हणतात. ज्या घरात मी चौदा महिने काढले, तिथे मला नाव नव्हतं. मला बघून रोज एकच वाक्य बोललं जायचं: "लेव्हल बरोबर आहे."

या वाक्याची मला आजही शिसारी येते.

माझा जन्म साच्यातला. एका दाबात आम्ही चाळीस बहिणी बाहेर पडलो आणि चाळीस इंजिनांच्या तोंडी गेलो. माझ्या वाट्याला आलं ते पेट्रोलवर चालणाऱ्या लहानशा जनरेटरचं इंजिन. पहिल्यांदा आत बुडाले तेव्हा तेल मधाच्या रंगाचं होतं. त्यातून माझ्या दोन्ही रेघा स्वच्छ दिसायच्या. ते दिवस आठवले की आता खोटे वाटतात. जेमतेम वीस तास टिकलं ते सुख.

नवं इंजिन सुरुवातीला आतल्या आत घासून जागेवर बसतं आणि त्यात धातूचा बारीक चुरा सुटतो. म्हणून पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं आणि पुढे दर शंभर तासांनी, असं जनरेटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेलं होतं. ती पुस्तिका घरात एकाच माणसाने वाचली, ती म्हणजे घरची सून.

जनरेटर तिच्यासाठीच आला होता. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. तिने मागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन बसवलं होतं. एका वेळी चारशे अंडी, एकवीस दिवस, आणि सगळे दिवस तीच ऊब. वीज रोज दोन-दोन तास जायची, तेवढा वेळ जनरेटर चालायचा. मशीनशेजारी तिची वही टांगलेली असे. किती ऊब होती, वीज कधी गेली, कधी आली, सगळं ती त्यात लिहायची.

जनरेटर सांभाळायचे मात्र तिचे सासरे. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. सासूबाई त्यांना चिडवून 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायच्या आणि ते खूश व्हायचे. इंजिनाशेजारी बसून बसून डावा कान पार गेलेला, पण इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं हा तोरा शाबूत.

"बाबा, पुस्तिकेत वीस तासांनी ऑइल बदला असं लिहिलंय. परवाच झाले वीस तास," सून म्हणाली.

"अगं, ते पळणाऱ्या गाडीचं बदलतात. हा कुठे गेलाय? जागच्या जागी तर उभा आहे."

"पण लिहिलंय ना तसं."

"तीस वर्षं बस चालवली मी. एकदा तरी रस्त्यात इंजिन बसलं का, विचार तुझ्या सासूला."

"मला काय विचारता?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मी कुठे होते बसमध्ये? मी घरी ताट झाकून वाट बघत होते."

सगळे हसले आणि विषय संपला. तेल तसंच राहिलं. पुढे दोनदा तिने तो विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही, कारण सासरे दुखावले की दोन दिवस जेवताना बोलत नसत आणि ते तिला सोसवत नसे.

तिथून माझी विटंबना सुरू झाली. मधाचा रंग गेला, चहाचा आला, मग काळा. मग तो काळाही राहिला नाही, त्याला काही रंगच उरला नाही. जळका, आंबूस वास, वर कच्च्या पेट्रोलची धार. तळाशी गाळ इतका, की इंजिन थांबलं की तो हळूहळू खाली बसताना मला जाणवायचा.

आणि ते फडकं! रोज सकाळी ड्रायव्हरसाहेब मला ज्या फडक्याने पुसत, त्याच फडक्याने ते गाडीची चाकं पुसत, चपला पुसत, आणि एकदा सर्दी झालेली असताना त्यातच शिंकरले. मग तेच फडकं माझ्या अंगावरून फिरलं. त्या दिवशी मी परत आत जायलाही तयार झाले, यावरून काय ते समजा.

तुम्ही म्हणाल, बाईसाहेबांचं जरा जास्तच होतंय. मग पुढचं ऐका.

त्यांची स्वतःची एक जुनी चारचाकी होती. तिचे मात्र सगळे लाड. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला लिहिलेलं असताना हे तीन हजारालाच बदलायचे. काढलेलं तेल रंगाच्या रिकाम्या डब्यात साठवायचे. माझ्या इंजिनातलं तेल जळून कमी झालं, माझ्या खालच्या रेघेशी आलं, की तो डबा उघडायचा. जुन्या बनियनचं फडकं लावून ते तेल गाळायचे आणि माझ्या इंजिनात ओतायचे. उष्टं! दुसऱ्या इंजिनाने चघळून थुंकलेलं, घामट बनियनमधून गाळलेलं तेल. वर समाधानाने म्हणायचे, "चांगलं आहे अजून. फेकायचं कशाला?"

सासूबाईंनी एकदा ते बघितलं. "अहो, उद्या तुम्हाला चहाचा चोथा धुऊन परत उकळून दिला तर प्याल का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तुला नाही कळायचं ते."

सासूबाईंना इंजिनातलं कळत नव्हतं खरं, पण शिळं काय आणि ताजं काय एवढं बरोबर कळत होतं. त्या घरात तेवढं कळणंसुद्धा पुरलं असतं.

पाहुणे आले की माझं प्रदर्शन भरायचं. मला डोक्याला धरून उजेडात उभं करायचे. कोणी दबकत विचारलंच, "काळं दिसतंय हो," तर उत्तर तयार असायचं: "काम करणाऱ्याचे हात काळे होणारच." पाहुणे माना डोलवायचे. मला त्या पाहुण्यांचीही किळस आली. एकाने तरी ते थेंबभर बोटावर घेऊन चोळून बघावं, वास घ्यावा! पण माणसांची एक खोड मी बघून ठेवली आहे. किती आहे ते ती लगेच विचारतात, आणि कसं आहे ते विचारायची वेळ आली की घड्याळ बघतात. मी खोटं कधीच बोलले नाही. तेल वरच्या रेघेपर्यंत होतं, मी वरच्या रेघेपर्यंत भिजत होते. मला विचारलं तेवढंच जात होतं.

त्या इंजिनात तेल कमी झालं की आपोआप बंद पडायची सोय होती. तेल सडलं की बंद पडायची सोय कोणी केलेली नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. सुनेच्या आधीच्या दोन खेपा वाईट गेल्या होत्या. फलित अंडी ज्या फार्मवरून यायची, तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "या वेळी निम्मी तरी पिल्लं निघाली नाहीत, तर पुढे अंडी मागू नकोस." सुनेने ती खेप पोटच्या पोरासारखी जपली. दिव्यापुढे धरून एकेक अंडं तपासलं. विसावा दिवस उजाडला तेव्हा काही अंड्यांतून आतल्या आत टकटक ऐकू यायला लागली होती. ती खोलीतून बाहेर आली ती हसतच.

सकाळी दहाला रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज उद्याच येईल असा निरोप आला. ड्रायव्हरसाहेबांनी मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, बुडवलं, बघितलं. "लेव्हल बरोबर आहे. घाबरू नकोस, दोन दिवस चालवतो मी याला."

पहिला तास ठीक गेला. दुसऱ्या तासाला आत खडखड सुरू झाली. तेल म्हणून जे होतं ते आता कशालाच धरत नव्हतं, धातू धातूला चावत होता. मला ते हाडात कळत होतं. ड्रायव्हरसाहेब शेजारीच खुर्ची टाकून बसले होते, डावा कान इंजिनाकडे करून. त्यांना काही ऐकू आलं नाही. एक वाजता इंजिनाने एक कर्कश आवाज केला आणि जागच्या जागी गच्च झालं. त्यांनी चालू करायची दोरी ओढली. दोरी हलली नाही.

मेकॅनिक आला तो सरळ माझ्याकडे. मला काढलं, तेल बोटावर घेतलं, चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय आहे?"

"ऑइल," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "लेव्हल बरोबर आहे."

"लेव्हल गटाराचीही बरोबर असते, काका. बदललं कधी?"

ड्रायव्हरसाहेबांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. मग मेकॅनिकने सुनेकडे बघून विचारलं, "चाललाय किती तास?" तिने खिळ्यावरची वही काढली. वीज गेली, वीज आली, चौदा महिन्यांच्या बेरजा तिने उभ्या उभ्या केल्या. "आठशे दहा."

"शंभर तास म्हणजे गाडीचे पाच हजार किलोमीटर धरा," मेकॅनिक म्हणाला. "उभ्या इंजिनाला रस्ता नसतो काका, पण चाल असते."

ड्रायव्हरसाहेबांचे ओठ हलले. आठशे दहा तास. चाळीस हजार किलोमीटर. एका तेलावर, वर उष्ट्याची भर घालत. पुस्तिकेतले तास त्यांना कधी समजलेच नव्हते, किलोमीटर मात्र क्षणात समजले. "डेपोत कोणी असं केलं असतं," ते म्हणाले, "तर मीच त्याला गाडीवरून खाली उतरवलं असतं." मी त्यांच्या हातात होते. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकलं. खिशावर काळा डाग पसरला, तो त्यांनी पुसला नाही.

मेकॅनिकचा स्वतःचा जनरेटर कुठल्याशा बांधकामावर भाड्याने गेलेला. तो आणायला म्हणून तो पळाला. इकडे मशीन गार होत चाललं होतं. सून भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती उभी. सासूबाईंनीच सूत्रं हातात घेतली. "रडायचं ते नंतर. पाणी तापव. गोधड्या काढ सगळ्या." पलंगावर गोधड्या अंथरल्या, त्यावर अंडी, वर गोधड्या, मधे मधे गरम पाण्याच्या पिशव्या आणि बाटल्या. ड्रायव्हरसाहेब न सांगता पलंगाला टेकून खाली बसले आणि दोन्ही हात गोधडीखाली घालून अंड्यांवर ठेवले. चार तास ते तिथून उठले नाहीत. बाटल्या गार झाल्या की नुसतं, "हं, बदल," म्हणायचे. बदलायची वेळ आता त्यांना बरोबर कळत होती.

साडेपाचला सून म्हणाली, "संपलं बाबा. केव्हापासून आवाज नाही कशातच."

त्यांनी एक अंडं उचललं आणि सवयीने डाव्या कानाला लावलं. बघता बघता चेहरा उतरला. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ते उजव्या कानाला लावलं. श्वास रोखून बसले. मी खिशात होते, त्यांची छाती धाडधाड उडत होती ती मला लागत होती.

"चालू आहे," ते म्हणाले. मग ओरडलेच, "चालू आहे गं! अगं, चालू आहे!"

आणि तो एवढा मोठा माणूस ते अंडं कानाशी धरून हुंदके देऊन रडला.

दिवेलागणीला मेकॅनिकचा जनरेटर आला. पुढच्या दोन दिवसांत दोनशे एकतीस पिल्लं निघाली. फार्मवरच्या बाईंनी पुढची अंडी दिली. उरलेली एकशे एकोणसत्तर निघाली नाहीत. त्यांतली बरीचशी पूर्ण वाढलेली होती, चोचीसकट. ड्रायव्हरसाहेबांनी सुनेला हात लावू दिला नाही. परसात खड्डा खणून स्वतः पुरली, एकेक मोजून.

नवा जनरेटर आला. त्याची पट्टी वेगळी, मधात न्हाणारी, नशीबवान. मी या खिळ्यावर, वहीशेजारी. ड्रायव्हरसाहेबांनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. त्यांनी मला साबणाने धुतलं, पण आट्यांतला काळेपणा गेला नाही आणि वासही. ते आता रोज सुनेला विचारतात, "किती झाले गं?" एखाद्या दिवशी ती वहीत बघून सांगते, "अठ्ठ्याण्णव, बाबा." मग ते इंजिन थोडं गरम करतात, जुनं तेल सगळं काढतात, डब्याला झाकण लावून मेकॅनिककडे देऊन येतात.

तुमच्याकडेही कुठेतरी माझी एखादी बहीण असेल. गवत कापायच्या यंत्रात, पाण्याच्या पंपावर, स्कूटरमध्ये. तिला बाहेर काढाल तेव्हा नुसत्या रेघा बघू नका हो. थेंबभर बोटावर घ्या, वास घ्या, आणि शेवटचं कधी बदललं ते आठवा. आठवत नसेल, तर आजच बदला. आणि त्याआधी, हात जोडते, ते फडकं तेवढं फेकून द्या.

मी आता ऑइल मोजत नाही. तरी नवा जनरेटर बघायला आलेला कोणी या खिळ्याकडे बोट करून विचारतो, "ही कशाची पट्टी?" ड्रायव्हरसाहेब मला खिळ्यावर सरळ करतात. मग म्हणतात, "एकशे एकोणसत्तर पिल्लांची."