मुंगसाची वाट

विद्यालक्ष्मीच्या इंग्रजी निबंधातला ‘स्म्यूझ’ हा शब्द बाईंनी लाल शाईने खोडला. इंग्लंडच्या खेड्यांतला हा बोलीशब्द मीच नातीला शिकवला होता. लहान जनावरांच्या जाण्यायेण्याने कुंपणाच्या बुडाशी पडलेली वाट, असा त्याचा अर्थ. तिकडे निसर्गावर लिहिणाऱ्यांनी तो पुस्तकांतही वापरलाय. हिने तो इथल्या, तमिळ मुलखातल्या नुंगंबाक्कमच्या शाळेतल्या मुंगसासाठी वापरला.

मी तिच्याबरोबर बाईंना भेटायला गेलो.

“गावंढळ शब्द आहे. ‘होल’ लिही, तरच वार्षिक अंकात छापू,” बाई म्हणाल्या.

“बदल की बाळ, छापून तरी येईल,” मी हळूच म्हटलं.

“भोक कुणीही पाडतं, आजोबा. ही वाट मुंगसाने रोज चालून केलीय.” मग ती बाईंकडे वळली. “आमची तंजावरी मराठीही शाळेच्या पुस्तकात नाही, मिस. म्हणून आम्ही घरी बोलायचं थांबवलं का?”

बाईंनी निबंध परत दिला. “मग अंकात नाही.”

“नको.”

तिने खोडलेल्या शब्दाच्या वर तोच शब्द ठळक लिहिला आणि निबंध वर्गाबाहेरच्या फलकावर स्वतःच लावला. टाचण्या मी धरल्या होत्या.