बारापैकी पाच

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, ऑगस्टच्या उकाड्यात, ऑटिस पेल्टनने वेंडल ब्रूसार्डला डोक्याच्या तपासणीच्या खोलीबाहेर गाठलं. ऑटिस शेवटच्या वर्षाला होता, अमेरिकन फुटबॉलच्या संघातल्या बचावफळीचा म्होरक्या.

"आत बाई बारा शब्द वाचेल. थोड्या वेळाने ते परत विचारेल. किती सांगशील?"

"बारा. सोपं तर आहे."

"गाढवा, पाच सांग. पाचाच्या खाली जाऊ नकोस, त्यांना संशय येतो. आज कागदावर पाच पडले की पुढे कितीही डोकं आपटू दे, पाच सांगितले की मैदानात जायला मोकळा. बारा सांगशील तर एका धडकेत घरी. बस मग आईच्या कुशीत."

वेंडल आत गेला. लोर्नाबाईंनी शब्द वाचले. वेंडलने पाच सांगितले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नाही बुवा आठवत, मिस लोर्ना." बाहेर येऊन त्याने ऑटिससमोर खुर्ची, बदकापासून चमच्यापर्यंत बाराच्या बारा एका दमात म्हणून दाखवले. दोघं पोट धरून हसले.

वेंडल बचावाच्या मधोमध उभा राहायचा. चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा करायचं, एवढंच त्याचं काम. ते तो फार चांगलं करायचा. लुइझियानातल्या त्या लहान गावात शनिवारी निम्मी माणसं त्याचा चव्वेचाळीस नंबर पाठीवर घालून फिरायची. कोच हॅगर्टी त्याला "माझा बैल" म्हणायचे. वेंडलला ते आवडायचं. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरातला पदवी घेणारा तो पहिलाच असणार होता.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. वेंडल उठला आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. लोक खूप हसले.

सोमवारी लोर्नाबाईंनी शब्द विचारले. या वेळी त्याने एकही मुद्दाम सोडला नाही. ओढून ओढून काढले, तरी पाचच निघाले.

"पहिल्यासारखाच आहे," कोच म्हणाले. "जुंपा बैलाला."

त्यानंतर तो आणखी चार सामने खेळला.

फेब्रुवारीत पुस्तकातल्या ओळी हलायला लागल्या. एका सोमवारी तो राजमा-भाताच्या रांगेत उभा असताना मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बैला, आत्ताच जेवलास ना?" वेंडलही सगळ्यांबरोबर हसला. आपण जेवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मे महिन्यात कोचनी बोलावलं. दाराशी ऑटिस उभा होता. आता तो कोचचा मदतनीस होता.

"सगळ्या विषयांत नापास. पुढच्या वर्षी तुझी जागा आणि शिष्यवृत्ती दुसऱ्याला देतोय, पोरा."

"कोच, मला वाचताच येत नाही हो. त्या धडकेपासून झालंय हे. खेळात जखमी झालेल्याला कॉलेज पदवीपर्यंत ठेवतं ना? डॉक्टरही देतं."

"जखमी झालेल्याला. तुझा कागद बघ. आलास तेव्हा पाच, धडकेनंतर पाच. बिघडलंय काय? डोकं तू घरूनच तसलं आणलंस."

"पहिले पाच खोटे होते. ऑटिसने शिकवलं होतं. ऑटिस, सांग ना रे."

"मला त्यात ओढू नकोस, ब्रूसार्ड." ऑटिस कोचकडे वळला. "याला कालचं जेवण आठवत नाही, आणि म्हणे तीन वर्षांपूर्वीचं आठवतं."

कोच हसले. "जा लोर्नाकडे. आता खरे सांग. जे येईल ते मी मान्य करीन."

वेंडलचा चेहरा उजळला. बारा आले तर डोकं शाबूत आणि पाच आले तर ते पहिल्यापासूनच तसलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने कोचचे दोन्ही हात धरून आभार मानले.

लोर्नाबाईंनी सावकाश शब्द वाचले. वेंडलने डोळे घट्ट मिटून घेतले. वीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, आणि तो न अडखळता बोलत गेला. "खुर्ची, बदक, लिंबू, पूल, मेणबत्ती, टोपी, घंटा, साबण, नदी, कात्री, ढग, चमचा."

त्याला घाम फुटला होता. तो हसत होता.

लोर्नाबाईंनी हातातला कागद दोनदा पाहिला. "बाळा, यातला एकही आजचा नाही."

"मग हे कुठले, मिस लोर्ना?"

"मला काय माहीत? जुने शब्द आम्ही ठेवत नाही. नुसता आकडा ठेवतो."

त्यांनी शून्य लिहून कागद कोचकडे नेला. वेंडल मागोमाग गेला.

"शून्य?" कोच म्हणाले.

"पाचाच्या खाली कुणी जात नाही, कोच," ऑटिस म्हणाला. "मुद्दाम केल्याशिवाय."

"मग लिहा तसं. तपासणीत लबाडी केली."

कोचनी सही केली. वेंडल दाराशी बोटं मोजत उभा होता. खुर्ची, बदक, लिंबू. चमच्यापाशी पोचल्यावर त्याने मान वर केली.

"ऑटिस," तो म्हणाला, "झाले ना रे बारा?"