गाडी आईच्या नावावर

"नाव आईचं, चावी लेकाची, आणि पुसायची कोणी? तर बापानं."

आमचे हे बॉनेटवर ओणवे होऊन पुटपुटत होते. मी पाण्याची बादली घेऊन त्यांच्या पाठीशीच उभी होते, पण त्यांना पत्ता नव्हता. असता तर गप्प बसले असते. ह्यांना कुरकुर एकट्यानं करायला आवडते. कोणी ऐकली की तिचं भांडण होतं, आणि भांडायचा त्यांना कंटाळा.

"काचेवरचं कोंबडीचं आधी काढा," मी म्हटलं. "गिऱ्हाईक नेरूळवरून निघालंय."

"कोंबडीला काय ठाऊक, आत टर्बो हाय म्हणून," हे म्हणाले आणि फडकं पिळायला लागले.

गाडी लाल, बुटकी, दोनच दारांची. मागेही सीट आहे म्हणतात, पण तिथं कोथिंबिरीची जुडी बसेल, माणूस नाही. म्हसळ्याहून आमच्या गावापर्यंत जेवढे गतिरोधक आहेत तेवढे ओरखडे तिच्या पोटावर आहेत. श्रीवर्धनचं खारं वारं लागून एका चाकाला तांबही धरली होती.

तीन वर्षांपूर्वी सम्यकनं ती आणली. सम्यक आमचा एकुलता, तेव्हा तळोज्याला कंपनीत होता. गाडी सेकंडहँड, पण कागद माझ्या नावावर, आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'. सगळी आळी अंगणात जमली. शेजारची चंदाबाई म्हणाली, "लेक असावा तर असा. आमचे हायेत तीन, पण एकानं कधी चप्पल न्हाय आणली." मला आत बसवून फोटो काढले. बसवायला कोणी लागलं नाही, बाहेर काढायला दोघी लागल्या.

हसू येईल तुम्हाला, पण जन्मात माझ्या नावावर काही नव्हतं. घर सासऱ्यांच्या नावावर, भातशेती दिरांच्यात सामायिक, रेशनकार्डावर मी ह्यांच्या खालच्या ओळीत. गाडीच्या कागदाची झेरॉक्स मी पर्समध्ये घेऊन फिरायचे. मासळी आणायला जातानासुद्धा. चालवता येत नाही, धड बसता येत नाही, पण मालकीण.

त्या दिवशी सून, प्रज्ञा, दीक्षाला कडेवर घेऊन दारात उभी होती. पेढे तिनंच वाटले. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, सह्या तुम्ही केल्यात?"

"मग कोण करणार? मालकीण कोण?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताट घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. नवऱ्यानं बायकोला सोडून आईला दिलं, वाटायचंच. पुढं पावसाआधीच ती लेकीला घेऊन म्हसळ्याला माहेरी गेली ती गेलीच. सम्यक म्हणाला, पटत नाही. मी खोदून विचारलं नाही. मग पोटगीची केस लागली, ती अजून चालूच आहे. कोर्टात त्यानं सांगितलं, माझ्या नावावर काही नाही. मीही मान डोलावली. खरंच होतं की, गाडी माझी होती.

नंतर तो कतारला गेला आणि गाडी ताडपत्रीखाली. प्रज्ञा बाजारात दिसली की पदर सारखा करून दुसऱ्या बाजूनं जायची. दीक्षा माझ्याकडे वळून बघायची, तर ही तिचा हात ओढायची. मी घरी येऊन ह्यांना म्हणायचे, बघा, मी काय घोडं मारलं हिचं?

मागच्या आठवड्यात सम्यकचा फोन आला. "आई, गाडी ऑनलाइन टाकलीय. केतन नावाचा माणूस येईल. तू फक्त सह्या कर आणि मोबाईलवर नंबर येईल तो त्याला सांग. का विकताय विचारलं तर म्हण, वापर होत नाही. आणि घाई कर, कोर्टाची तारीख आहे पुढं, त्याआधी उरकू दे."

तारखेचा आणि गाडीचा काय संबंध, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं असं आता सगळेच म्हणतील.

केतन आला तो गळ्यात चष्मा अडकवून, पोरगेलासा, तोंडानं गोड. वाकून गाडीखाली बघितलं, बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन हुंगलं. "मावशी, तुम्ही चालवता?"

"मी आशीर्वाद देते," मी म्हटलं. "काचेवर लिहिलंय बघा."

तो हसला. "तो स्टिकर मात्र काढावा लागेल हां. माझी आई विचारेल कुणाचा म्हणून."

चक्कर मारायला हे त्याच्या शेजारी बसले. गेले तेव्हा तोंड वाकडं होतं, आले तेव्हा केस उभे आणि चक्क हसत होते. "अगं, पाठ सीटला चिकटते," मला म्हणाले. तीन वर्षं पुसली, पण बसले त्या दिवशी. केतननं इंजिन चालूच ठेवलं. "टर्बो असते ना, लगेच बंद नाय करायची. जरा शांत होऊ द्यायची."

ओटीवर चहा दिला. त्यानं कागद बाहेर काढले, मी पेन घेतलं. तो पेनाकडे बघत थांबला.

"मावशी, एक विचारू? राग नका मानू. गाडी चांगली आहे, तरी तुमच्या मुलानं भाव खाली लावलाय. वर म्हणतो लगेच नाव बदला. कोर्टाचं काय नाय ना? मागे एक अशीच घेतली होती मी. नाव आईचं, लफडा नवरा-बायकोचा. नंतर बायकोचा वकील माझ्या दारात. अपने को टेन्शन नको."

"चहा घ्या, गार होतोय," हे म्हणाले.

चहाच्या वाफा अजून निघत होत्या. कुंपणापलीकडे चंदाबाई वाळत घातलेली साडी पुन्हा वाळत घालत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बशीत बघितलं.

स्वयंपाकघरात उभी राहून प्रज्ञानं मला काय विचारलं होतं, ते मला त्या वेळी ओटीवर ऐकू आलं. ती सह्यांचं विचारत नव्हती. तुम्हीपण सम्यकच्या ह्या डावात आहात का, असं विचारत होती. आणि मी छाती काढून हो म्हटलं होतं.

मी सम्यकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"झालं का आई?"

"ही गाडी मला का दिलीस?"

"आता हे काय मध्येच? माणूस आलाय ना?"

"समोरच बसलाय. का दिलीस?"

"आईला द्यायला कारण लागतं का?"

"नाही लागत. म्हणून तर मी विचारलं नव्हतं."

पलीकडे कोणीतरी हिंदीत काहीतरी ओरडत होतं, बहुतेक साइटवर. "आई, सही कर ना. मी ड्युटीवर आहे."

"प्रज्ञाला ठाऊक होतं, तू माझं नाव का घातलंस ते?"

तो आडोशाला गेला असावा, ओरडणं मागं पडलं. मग हळू आवाजात, लहानपणी परीक्षेचा निकाल लपवताना लागायचा तसला आवाज लावून म्हणाला, "तुला त्यातलं नाही कळायचं. बाबांकडे दे."

मी पेनाचं टोपण लावलं. ते बसत नव्हतं, दोनदा लावावं लागलं. "केतन, बाळा, चहा पी आणि जा," मी म्हटलं. "आज सही होणार नाही. म्हसळ्याला जाऊन आल्याशिवाय नाहीच." त्यानं कागद गोळा केले. भाव वाढवून मागतेय असं त्याला वाटलं नाही, एवढा त्याचा चांगुलपणा.

"आई, वेडेपणा करू नकोस," फोन म्हणत होता. "बाबा, तुम्ही सांगा तिला."

ह्यांनी फोन उचलला. मुलाशी फोनवर ह्यांचं बोलणं म्हणजे जेवलास का, पाऊस आहे का, ठेवतो. मला वाटलं, आताही सांभाळून घेतील. हे उभे राहिले, खांबाला हात लावला.

"सम्यक, तिला कळलंय," ते म्हणाले. "तू आईला गाडी दिलीच नव्हतीस. दीक्षाच्या तोंडचा घास कोर्टापासून लपवायचा होता तुला, आणि लपवायला आईचं नाव सापडलं. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."