चार बोटं खाली

मी एक जुनी व्हॅन आहे. रागावलेली आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या गाडीकडे जा.

कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरी शुभ्र होते. माझे मालक, व्यापारी दादामियाँ, यांनी मला पुण्याच्या मार्केट यार्डात आणलं आणि आलं-लसणाच्या गोण्यांना जुंपलं. हमाल म्हणायचे, "दादामियाँ, तुमची गाडी भरली की लोण्यासारखी चालते." खरंच चालायचे. वजनाने स्प्रिंगा हळूच दबायच्या आणि खड्डे पोटात घालायच्या.

दादामियाँ गेले. माझ्या पोटात सीट आली. आता एकच सवारी, त्यांच्या पत्नी अख्तरबानू. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. व्यायामासाठी कोथरूडला जायचं. पण माझी पायरी उंच. मुलगा फैझल आणि एक शेजारी त्यांना उचलून आत ठेवायचे.

"मी काय लसणाची गोणी आहे?" त्या ओरडायच्या. एकदा तर गेल्याच नाहीत.

फैझल यार्डात वाढलेला. तिथे गाडी जोखायची ती भरून. त्याने माझ्यात गोण्या रचल्या. मी चार बोटं खाली बसले. अम्मीचा पाय बरोबर पोचला.

"बस्स!" फैझल म्हणाला. "एवढीच खाली हवी, कायमची. आणि भरलेली गाडी मऊ चालते. म्हणजे खाली बसलेली गाडी मऊच चालणार."

असलं गणित फक्त यार्डातच पिकतं!

आमोद गॅरेजवाल्याने ग्राइंडर काढला. पुढच्या स्प्रिंगा मुळ्यासारख्या कापल्या. मागे स्प्रिंगांच्या जागी एकावर एक पोलादी पाटे असतात, त्यांचे दोन पदर काढून कोपऱ्यात भिरकावले. मला विचारलं? छे! गल्लीतली पोरं मात्र फोटो काढत होती. "काय लूक आलाय, फैझलभाई!"

अख्तरबानूंनी दाराला धरलं. पाय टाकला. आत बसल्या. एकट्या.

"बघ. कुणी हात लावला नाही."

त्या क्षणी मी माझं दुखणंसुद्धा विसरले. निघालो. स्वारगेटपर्यंत ठीक होतं आणि मला वाटलं की आता

धाड.

स्पीडब्रेकर. तर मी सांगत होते, मला वाटलं की

धाड.

"या अल्लाह!"

की आपण कोथ

धाड.

"थांबव, फैझल. मला रिक्षा बोलाव."

"अम्मी, रस्तेच असे आहेत..."

"रस्ते कालपण हेच होते."

मित्रांनो, स्प्रिंगला दबायला जागा लागते. गोण्यांखाली मी बसायचे तेव्हा अख्ख्या स्प्रिंगा माझ्यापाशी होत्या. आता दबायला जागाच उरली नव्हती. लोखंड लोखंडावर आपटत होतं, आणि मार त्या म्हातारीच्या खुब्याला बसत होता.

दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत गॅरेजात आल्या. आमोद हसला. "काकू, खाली पण हवी, मऊ पण हवी? मग पलंगच घ्यायचा होता."

"बसा."

"कुठे?"

"मागे. माझ्या जागेवर. फैझल, तो गेटसमोरचा स्पीडब्रेकर घे. ब्रेक लावू नकोस."

फैझलने लावला नाही. मीही काही राखून ठेवलं नाही.

धाड!

आमोदचं डोकं टपाला लागलं. तो कंबर धरून उतरला.

"कसा आहे पलंग?" अख्तरबानूंनी विचारलं.

कापलेल्या स्प्रिंगा निघाल्या. या उंचीसाठीच घडवलेल्या, आखूड पण अख्ख्या स्प्रिंगा आल्या आणि त्यांच्या मापाचे शॉकअॅब्सॉर्बर. पाट्यांचे सगळे पदर परत लागले, फक्त त्यांचा बाक थोडा उतरवला. चार नाही, दोनच बोटं खाली. उरलेल्या दोन बोटांसाठी दाराखाली रुंद पायरी. त्या पायरीवरून अख्तरबानू आपल्या आपण चढल्या आणि आम्ही स्वारगेट ओलांडून, दांडेकर पुलावरून, एकामागून एक स्पीडब्रेकर पोटात घालत, एकदाही न थांबता निघालो तेव्हा कोथरूड यायच्या आतच त्यांना डुलकी लागली होती.

माझा राग गेला? मुळीच नाही. आमोदच्या गॅरेजात आज आणखी एक व्हॅन उभी आहे. ग्राइंडर पुन्हा बाहेर आला आहे. मित्रांनो, तिचा मालक तुमच्या ओळखीचा असेल तर आत्ता जा, त्याचा हात धरा आणि विचारा, मागच्या सीटवर कोण बसणार आहे?