मुंडी काढलेला रेडिएटर

मी हेल्वेबाईंच्या खिडकीखालचा बिडाचा रेडिएटर. ओतशाळेतून थेट थंड मुलखातल्या तार्तू शहरात, या तिसऱ्या मजल्यावर आलो आणि इथलाच झालो. गावाबाहेर पाणी तापतं, नळांतून घरोघर फिरतं, माझ्यातूनही जातं. हिवाळ्यात सगळे मला चिकटलेले. ओले मोजे, मांजर, पाठ शेकायला बाईंचा थोरला मुलगा उर्मास. उन्हाळ्यात मात्र माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ही खोली तव्यासारखी तापली. उर्मासचं काळीज आधीच दुबळं. तो याच पलंगावर गेला. मी हाताच्या अंतरावर नुसता उभा होतो.

यंदा इमारतीने ठरवलं, उन्हाळ्यात त्याच नळांतून गार पाणी सोडायचं. बाईंच्या धाकट्या मुलाने, काउरने, त्यासाठी दारोदार भांडणं केली. घरात आता आईच उरली होती, आणि तिलाही चार पावलांत धाप लागायची.

पाणी सुटलं त्या दुपारी बाई पलंगावर पडून होत्या. ओठ सुकलेले. काउरने माझ्याकडे येणारा नळ चाचपला, गार. मला चाचपलं, कोमट.

"आई, ह्याला बंद कुणी केलं?"

"मीच. एवढ्या उकाड्यात रेडिएटर कोण उघडा ठेवतं, येड्या?"

त्याने मला उघडायला माझ्या तोंडावरची गोल मुंडी शेवटपर्यंत फिरवली. तरी पाणी आत येईना. दोष माझाच. त्या मुंडीला जन्मभर एकच शिकवण, खोली तापली की पाणी अडवायचं. जितका उकाडा, तितकी ती घट्ट. इमारतीचा माणूस मुंड्या काढायला आला होता, पण उर्मास गेल्यापासून बाई कुणाला दार उघडत नाहीत.

काउरला हे कुठलं ठाऊक. त्याने मला लाथ घातली. मग पान्हा आणला आणि मुंडी उपटून भिरकावली.

"मोडलास ना? हिवाळ्यात काय तुझ्या रागावर शेकू मी?" बाई म्हणाल्या.

अडवणारी मुंडीच गेली, तसं माझ्या पोटात गुडगुडलं. गार पाणी आत शिरलं, फासळीफासळीतून उतरलं. काउरने पलंग माझ्याजवळ ओढला. बाईंनी मला पाठ टेकली आणि लांब श्वास सोडला. दुसरा श्वास संथ आला. तिसरा त्याहून संथ.

"आई, ताकात कामाचं पीठ कालवून देऊ?"

"दे. पीठ जास्त घाल, नाहीतर पाणचट करशील. उर्मास चांगलं करायचा."

काउर उठला नाही. माझ्यावर कपाळ टेकून खूप वेळ रडला, वर्षात पहिल्यांदा. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आसवांनी त्यांचे ओठ ओले झाले होते.

माझी मुंडी कपाटाखाली गेली आहे. कुणाला सापडलीच तर थंडीपर्यंत जपून ठेवा. एवढ्यात मला नको.