उजव्या गुडघ्याची चकती

नळ पूर्ण सोडून तो उजव्या गुडघ्याची चकती सिमेंटच्या भिंतीवर घासत होता. घासण्याचा आवाज पाण्यात बुडावा, एवढ्याचसाठी नळ. चामडी पोशाख कमरेपर्यंत उतरवलेला, बाह्या मागे लोंबताहेत, आणि एके काळी करंडकांवर करंडक घरी आणणारा माणूस स्वच्छतागृहाच्या कोपऱ्यात चोरी लपवतोय. त्याला स्वतःची लाज वाटत होती. लाजेपेक्षाही कंटाळा आला होता.

वळणावर शर्यतीची मोटरसायकल इतकी कलते की स्वाराचा गुडघा रस्त्याला टेकतो. म्हणून गुडघ्यावर प्लास्टिकची जाड चकती चिकटवतात. डाव्या वळणांवर डावी झिजते, उजव्यांवर उजवी. दोन वर्षांपूर्वी पुलाखालच्या उजव्या वळणावर तो पडला. मांडीच्या हाडात सळई बसवावी लागली, यथावकाश निघालीही. पण तेव्हापासून उजवं वळण दिसलं की हात आपोआप वेग सोडायचा. डोकं म्हणायचं चल, हात म्हणायचा नको, आणि चालायचं हाताचंच. डावी चकती झिजून पातळ व्हायची, उजवी मात्र नव्या नवरीसारखी चकाकत राहायची.

आणि संघाचे मालक नेमक्या चकत्याच बघायचे. जुने स्वार ते. यंत्रांनी काढलेल्या आकड्यांवर त्यांचा भरवसा बेताचाच. सराव संपला की ते थेट हत्यारांच्या पेटीपाशी येत आणि झाकणावर मांडलेल्या दोन्ही चकत्यांवरून अंगठा फिरवत. घड्याळ सांगायचं, स्वार मागे पडतोय. घासून आणलेल्या चकत्या सांगायच्या, स्वार जीव तोडून चालवतोय. मग दोष कुणाचा? गाडीचा. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं वर्षभर चाललं होतं.

गाडीचा दोष म्हणजे दादाचा. थोरला भाऊच त्याचा मेकॅनिक होता. धाकट्यासाठी स्वतःचं चालतं गॅरेज बंद करून तो या संघात आला होता, आणि वर्षभर मालकांची बोलणी मान खाली घालून ऐकत होता.

नळ बंद करून तो बाहेर आला आणि चकती दादापुढे धरली. दादाने ती उजेडाकडे नेऊन पाहिली. मग खिशात टाकली, पेटीचा खालचा खण ओढला आणि दुसरीच उजवी चकती काढून डावीशेजारी मांडली.

खणात आणखी काही चकत्या होत्या. सगळ्या उजव्या, सगळ्या एका कडेने झिजलेल्या.

"रस्ता चकतीला तिरका खातो, भिंगरी," दादा हळू आवाजात म्हणाला. घरात त्याला हेच नाव होतं. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. "तू सपाट घासतोस. आंधळ्यालाही कळेल."

"तू कधीपासून..."

"तू घासायला लागलास तेव्हापासून. मी कानशीने करतो. तुझा तो नळ पार फाटकापर्यंत ऐकू जातो."

"मग बोलला का नाहीस? एवढी बोलणी खाल्लीस!"

"बोललो असतो तर मला खोटं पाडायला पुढच्याच फेरीत पुलाखाली गुडघा टेकवायला गेला असतास. ओळखत नाही का मी तुला?" दादाने कानस फडक्यात गुंडाळली. "मग आईला काय सांगायचं होतं मी?"

तेवढ्यात मालक आले. नेहमीप्रमाणे दोन्ही चकत्यांवरून अंगठा फिरवला, आणि या वेळी दादाकडे वळले.

"हा बिचारा जीव तोडतोय, आणि तुमची गाडी साथ देत नाही. तुमच्या वयाकडे बघून आजवर ठेवून घेतलं. पुढच्या मोसमाला दुसरा मेकॅनिक बघतोय मी."

"बरं," दादा म्हणाला.

बस, एवढंच. धाकटा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. दादा पाने पुसून एकेक जागच्या जागी ठेवू लागला, जणू कुणी हवापाण्याविषयी बोलून गेलं होतं.

दुपारी शेवटचा सराव होता. दादाने नव्या चकत्या दिल्या, हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला आणि पाठीवर थाप मारली. गाडी लोण्यासारखी चालली. गिअर कधी बदलला तेही कळू नये, इतकी. दोष काढायचाच म्हटलं तरी सापडेना. पुलाखालचं वळण आलं, हाताने वेग सोडला. पुन्हा आलं, पुन्हा सोडला. आज त्याने हाताशी भांडण केलं नाही.

तो परतला तेव्हा मालक शेडच्या दारातच उभे होते. दादाने खालचा खण अर्धा ओढला होता, पण मध्ये मालक. दादाने लगबगीने पाण्याची बाटली पुढे केली.

"आधी पोशाख काढ, आत जा, तोंड धू," दादा म्हणाला. "चकत्या मी मांडतो."

"राहू दे, दादा."

त्याने उभ्या उभ्या खाली वाकून उजव्या गुडघ्याची चकती ओढून काढली आणि मालकांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

"नवी दिसतेय," ते म्हणाले. "लावलीच नव्हतीस का?"

"लावली होती. आत्ता सगळ्या फेऱ्या हिच्यावरच मारल्या."

मालकांनी चकती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग तिच्याकडे बघायचं सोडून त्याच्या मांडीकडे पाहिलं.

"गाडीत काही खोट नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हती."

दादा पाठमोरा झाला. उघडा राहिलेला खालचा खण त्याने पायाने आत ढकलला, आणि तापलेल्या गाडीवर फडकं फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला.