क्रॅनमिअरचा भिंतीआडचा मळा

क्रॅनमिअर हॉल या हवेलीच्या मागे जे तळं आहे, ते आधी नव्हतंच. दीडशे वर्षांपूर्वी त्या जागेतली तांबडी माती काढून विटा भाजल्या, त्या विटांच्या बारा-बारा फूट उंच भिंती चारी बाजूंनी उभ्या केल्या, आणि मागे उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी येऊन राहिलं. भिंतींच्या आत घराला लागणारी भाजी नि फळं पिकू लागली. म्हणून गावातली म्हातारी माणसं म्हणायची, मळा हा तळ्याच्या पोटचा.

डॉर्कस प्रॉसर त्या भिंतींच्या आतच वाढली. तिचा बाप जॉब तिथला मुख्य माळी, त्याच्या आधी आजा. मटाराच्या काटक्यांना धरून ती उभी राहायला शिकली. चौदा साली लढाई लागली तेव्हा नऊ माळी एका आठवड्यात फौजेत निघून गेले, आणि पुढच्या हिवाळ्यात जॉबचं अर्धं अंग लुळं पडलं. तो खिडकीशी पडून बघायचा आणि डॉर्कस मळा चालवायची. हाताशी दोन बाया आणि नोआ नावाचा म्हातारा गडी. गुलाबाचे ताटवे उपटून तिनं कांदे लावले. चार वर्षं हॉलच्या ताटात काही कमी पडलं नाही.

लढाई संपली, जॉब गेला, आणि हॉलच्या मालकीण ओल्डरसी बाईसाहेबांनी स्कॉटलंडहून नवा मुख्य माळी आणला. ड्यूगल्ड लिंडसे.

"बाई माणूस मुख्य माळी म्हटल्यावर पाहुणे हसतील गं," बाईसाहेब तिला म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. "तुझ्या आईचा हात स्वयंपाकाला चांगला होता. तू स्वयंपाकघर बघ."

तिनं स्वयंपाकघर घेतलं. जाणार कुठे? पण त्याच दिवशी तिनं मनाशी गाठ मारली, की त्या मळ्याच्या दारातून पुन्हा पाऊल आत टाकायचं नाही. बारा वर्षं तिनं ती गाठ सोडली नाही.

मळा मात्र रोज सकाळी सात वाजता टोपलीत बसून तिच्याकडे यायचा. नोआ ती टोपली ओट्यावर ठेवायचा. डॉर्कस आधी वास घ्यायची, मग माती बोटांत चुरायची. गाजराला तांबूस चिकट माती असली, की ती समजायची, लिंडसेनं गाजरं खालच्या अंगाला नेली. पुदिन्याच्या देठावर शेवाळ असलं, की पुदिना हौदाजवळ गेला. दुपारी जेवणं आटोपली, चूल मंदावली, की ती खुर्चीत टेकायची आणि डोळे मिटून आत शिरायची. हौदापासून डावीकडे, सलगमाच्या ओळीतून, काचघराच्या भिंतीशी. तिथं ऊन कधी मावळायचं नाही. कधी बाप पुढे चालताना दिसायचा, दोन्ही पायांनी धड, फांद्या बांधायच्या कापडाच्या पट्ट्या कमरेला लटकून वाऱ्यावर हलताहेत. ती त्याच्या मागून चालायची. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला पीचची झाडं पंख्यासारखी पसरून खिळ्यांनी बांधलेली, आणि विटांमधून दिवसभराची ऊब हळूहळू बाहेर येतेय. किटलीची वाफ झाकण वाजवायची तेव्हा ती परत यायची.

लिंडसेशी तिचं बोलणं म्हणाल तर होतं, म्हणाल तर नव्हतं. रिकाम्या टोपलीत ती खडूनं लिहिलेली पाटी ठेवायची.

'घेवडा निबर. दोन दिवस आधी तोडायला हवा होता.'

दुसऱ्या दिवशी पाटी परत. 'दोन तास जास्त शिजवा.'

'मटार उशिरा पेरलात. हे स्कॉटलंड नाही.'

'कळलं. इथलं स्वयंपाकघर तरी कुठे फ्रान्समध्ये आहे?'

नोआ दोन्हीकडे निरोप्या. "तुम्ही दोघं एकदा समोरासमोर भांडा की," तो म्हणायचा. "माझे गुडघे झिजले तुमच्या पाट्या वाहून."

"त्यांना म्हणावं, पानकोबीत अळ्या होत्या."

"हे पाटीवर लिही. मी शिव्या तोंडी नेत नाही."

एकतीस सालच्या एप्रिलात पीचला असा मोहर आला, की तळ्याच्या अलीकडून भिंतीवर गुलाबी धूर चढल्यासारखा दिसे. त्याच आठवड्यात लिंडसे शिडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. गाडीत घालून त्याला श्रूझबरी शहरातल्या दवाखान्यात नेलं. आता हॉलमध्ये माळी उरले होते तीनच. त्यातला एक तापानं निजलेला, दुसरा महिन्यापूर्वी आलेला, आणि तिसरा नोआ.

चौथ्या दिवशी दुपारी नोआ टोपलीशिवायच आला. दारात उभा राहून टोपी पिळत राहिला.

"काय झालं?"

"वारं पडलंय, डॉर्कस. आभाळ धुतल्यासारखं झालंय. दव गोठणार आज."

"मग जाळी टाका मोहरावर."

"जाळी उंदरांनी खाल्ली."

"भिंतीतल्या भट्ट्या पेटवा."

भिंत आतून पोकळ होती. मागच्या बाजूला विस्तव केला, की धूर विटांमधून फिरायचा आणि भिंत तापायची. "धुराच्या वाटेत कावळ्यांनी घरटी केलीत," नोआ म्हणाला. "लिंडसे काढायचं म्हणत होते. आता काय, मोहर गेला म्हणायचा. तुला सांगून ठेवलं एवढंच."

तो वळला. डॉर्कसच्या हातात कणीक होती. तिनं ती तशीच ओट्यावर आपटली, हात पुसले आणि खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला. घरची नोकरमाणसं कमी झाल्यापासून कापडाच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडेच असायची.

तीस चादरी, अकरा मेजपोस. जाड, जुनं लिननचं कापड, कोपऱ्यात ओल्डरसी घराण्याची अक्षरं भरलेली. तिनं ते ढकलगाडीत घातलं आणि मळ्याच्या दाराशी आली. नोआनं दार उघडून धरलं. ती क्षणभर थांबली, तेव्हा त्यानं दुसरीकडे पाहिलं.

आत गेल्यावर ती चुकली. खरोखर वाट चुकली. हौद होता तिथंच होता, पण सलगमाच्या जागी स्ट्रॉबेरी, पुदिना थेट पलीकडच्या भिंतीशी, आणि ती बारा वर्षं जिथून रोज चालत होती, ती पायवाटच नव्हती. डोळ्यांतला मळा आणि पायाखालचा मळा एकमेकांवर बसेनात. एकदा तर ती बापाच्या जुन्या वाटेनं निघाली आणि लेट्यूसच्या वाफ्यात उभी राहिली.

"इकडून गं, पोरी," नोआ हळूच म्हणाला.

ऊन उतरणीला लागलं होतं. तिनं स्वयंपाकघरातल्या दोघींना हाका मारल्या, तापातल्या माळ्यालाही उठवून आणलं. ती शिडीवर चढायची, कापड वरच्या खिळ्यांत अडकवायची आणि खाली सोडायची, फूल दुखावू नये म्हणून तळाशी काटक्यांचा टेकू. एकेक चादर उतरत गेली, तशी भिंत पांढरी होत गेली. शेवटची चादर लावून तिनं हात आत घातला. विटा अजून उबदार होत्या. चादर आणि भिंत यांच्यामध्ये मधाचा वास कोंडला होता, आणि घरी जायला उशीर झालेली एक मधमाशी आत हळूहळू गुणगुणत होती. तळ्यावरून धुकं आलं आणि भिंतीच्या पांढऱ्यात मिसळून गेलं.

सकाळी गवत काचेसारखं मोडत होतं. चादरी फळ्यांसारख्या ताठ. डॉर्कसनं एक कोपरा सोडवला. आत मोहर जसाच्या तसा, ओलसर, गुलाबी.

"माझ्या आजेसासूचं कापड!" मागून आवाज आला. बाईसाहेब झग्यावर शाल ओढून, थेट बिछान्यातून आल्या होत्या. "हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, बाईसाहेब."

"खिळ्यांनी भोकं पडलीत."

"पडली. मी रफू करीन."

बाईसाहेबांनी चादर बाजूला केली. बराच वेळ त्या आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाश्त्याला उशीर होणार आज," आणि परत गेल्या.

रविवारी डॉर्कस श्रूझबरीला गेली. लिंडसेचा पाय वजनानं वर टांगलेला होता. इतका लांबलचक माणूस खाटेवर मावत नव्हता.

"मोहर?" त्यानं बसा म्हणायच्या आधीच विचारलं.

"आहे."

"नोआनं सांगितलं. विश्वास नाही बसला." त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही आत गेलात. बोला, काय काय चुकलंय?"

"पुदिना भिंतीशी कशाला नेलात? पसरून सगळं खाईल. आणि लेट्यूस सावलीत हवं."

"आणखी?"

"मटार. मटार तुम्ही दर वर्षी दहा दिवस उशिरा पेरता. बारा वर्षं सांगतेय."

लिंडसे हसायला लागला. हसता हसता पाय हलला आणि तो कळवळला. "प्रॉसरबाई, मी आलो त्या वर्षी माझी सगळी पेरणी वाया गेली. आमच्याकडच्या तारखा तुमच्या मातीला मानवेनात. तेव्हा कोठीत एक वही सापडली. लढाईच्या वर्षांतली. कधी काय पेरलं, कधी उगवलं, कुठल्या दिवशी दव गोठलं. तेव्हापासून मी त्या वहीबाहेर गेलो नाही. मटाराच्या तारखा तुमच्या आहेत."

डॉर्कस खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर नदी सावकाश वाहत होती.

"बोलला का नाहीत?"

"मला सांगितलं होतं, जॉबच्या मुलीला मळ्याचा कंटाळा आला, तिनं स्वतःहून सोडला. खरं काय ते दोन वर्षांनी नोआकडून कळलं. तोवर तुमच्या पाट्या यायला लागल्या होत्या." तो छताकडे बघत म्हणाला, "माफी मागितली असती, तर तुम्ही पाट्या बंद केल्या असत्या. आणि माझ्याशी दुसरं बोलत कोण होतं?"

"चुकलंच माझं तरी," ती शेवटी म्हणाली. "मटाराच्या तारखा लिहिल्या त्या वर्षी वसंत उशिरा आला होता. वहीत ते लिहायला हवं होतं."

लिंडसेचं हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. शिडी सुटली. जूनमध्ये कुबड्यांवर येऊन तो बाईसाहेबांपुढे उभा राहिला. म्हणाला, "बाहेरच्या मळ्याची सगळी जबाबदारी प्रॉसरबाईंकडे द्या. मी काचघर सांभाळीन आणि त्या सांगतील ते करीन. नाहीतर मला निरोप द्या."

"आणि आमचं जेवण कोण करणार?"

"घेवडा मी वेळेवर तोडीन, बाईसाहेब," डॉर्कस म्हणाली. "मग कुणीही शिजवला तरी चालेल."

बाईसाहेबांना हसू आवरलं नाही. पाहुणे आता फारसे येतही नव्हते.

त्या ऑक्टोबरात डॉर्कसनं उत्तरेकडच्या पडीक वाफ्यात दोरी ताणली. लिंडसे उलट्या कुंडीवर बसून बघत होता. धुकं इतकं दाट होतं, की पलीकडची भिंत असून नसल्यासारखी होती.

"इथं काय?"

"शतावरी, कोंबांच्या भाजीची. खड्डे आत्ता, रोपं वसंतात."

"रोपं लावल्यावर तीन वर्षं एक कोंब कापता येत नाही."

"ठाऊक आहे."

"परवाच्या पावसात हॉलचं छप्पर गळलं. बाईसाहेब विकायचं म्हणताहेत. तीन वर्षांनी इथं कोण असेल, कुणाला माहीत?"

"तुम्ही खोली किती ते सांगा."

त्यानं विचार केला. "दोन फूट. तळाला शेणखत."

डॉर्कसनं बाह्या सरसावल्या आणि पहिली कुदळ घातली.